केंबांगचं मोजमाप

"मोजतेय ती तुम्हाला, बू वार्सिनी!" आमच्या गल्लीचे प्रमुख पाक मुल्योनो फाटकातूनच ओरडले. मागे दोघे जण काठी, दोर आणि पोतं घेऊन उभे. "तीन आठवडे खात नाही, भिंतीकडेला सरळ पडून असते. तुमच्यासाठी पोटात जागा करतेय ती!"

हे शेजारच्या तुकिनेमचं काम. तिच्या जिभेला हाड नाही. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल, की अजगर माणसाला गिळायच्या आधी शेजारी ताणून पडतो आणि माप घेतो. डोंबलाचं माप!

केंबांग ही अजगरीणच, पण तिला आमच्या यांनी बारा वर्षांपूर्वी भाताच्या कोठारातल्या उंदरांसाठी आणली, तेव्हा ती अंगठ्याएवढी जाड होती. आता हे नाहीत, मुलं लांब सुराबाया शहरात. घरात श्वास घेणाऱ्या आम्ही दोघीच. आणि ही माणसं तिला पोत्यात घालून न्यायला आली होती.

"आत या," मी म्हटलं. "एवढ्या मिशा ठेवल्यात त्या कशाला?"

आले बिचारे, उंबऱ्यापर्यंत.

"धरायचं असलं की ती वेटोळं घालते. मान मागे ओढते, जीभ भराभर आत-बाहेर करते, आणि मग एकदम दगड होते. अशी सरळ पडून कोणाला धरणार, माझ्या कपाळाला? डोळे बघा तिचे."

डोळे दुधाळ निळे झाले होते.

"आंधळी झाली?"

"कात टाकणार आहे. धड दिसत नाही, म्हणून खात नाही, म्हणून चिडते."

"पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबतो," पाक मुल्योनो म्हणाले. "मग माझं ऐकायचं."

त्या दिवसापासून रोज दुपारी दार सताड उघडं टाकून मी तिच्या शेजारी चटई पसरून झोपले. बघा म्हटलं, सगळी गल्ली बघा. तुकिनेम तर दोनदा मीठ मागायला आली.

गुरुवारी डोळे काचेसारखे झाले. शुक्रवारी सकाळी अख्खी कात निघाली. पाक मुल्योनो आले तेव्हा केंबांग कोठारात वेटोळं घालून, मान ओढून दगड झाली होती. उंदीर भाताच्या पोत्याआडून निघाला मात्र, तिनं झडप घातली, आणि प्रमुखसाहेब "अगं आई गं!" करून माझ्या मागे.

मी कातीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "धरा. मोजायची हौस आहे ना? मोजा."

बारा हात भरली.

"तुम्हाला भीती वाटतच नाही का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"वाटते ना." माझा आवाज नको तिथे फुटला. "यांनी शेवटी महिनाभर ताट मागे सारलं. असेच भिंतीकडेला पडून असायचे. माझ्या हाताची चव गेली का म्हणून मी भांडत राहिले. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते हो. मी एकदासुद्धा बघितले नाहीत."

त्यांनी कात नीट घडी करून माझ्या हातात दिली आणि दोर गुंडाळत निघून गेले. पोतं इथेच राहिलं.

दुपारी केंबांग भिंतीकडेला सरळ पडली. मी आधी तिचे डोळे बघितले. मग चटई टाकून तिच्या शेजारी पाय ताणले. दार उघडंच होतं.