कोरडा ट्रे

वडिलांचं ऑपरेशन सोमवारी होतं. डॉक्टर हातचं राखूनच बोलले होते, तेव्हा त्याआधी आपल्या गाडीतून एक फेरी मारायची, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. गाडी म्हणजे विलायती स्पोर्ट्स कार, तीही साठीला टेकलेली. तिला एकच खोड: उभी राहील तिथे तेल गाळायची. खाली कायम पत्र्याचा ट्रे. वडील म्हणायचे, "गळतंय ना? म्हणजे आत तेल आहे."

मुलगाही मिस्त्रीच, बापाच्याच गॅरेजात घडलेला. चाळिशी उलटली तरी बापाच्या तोंडून 'बरं केलंस' कधी ऐकलं नव्हतं. चूक झाली की चारचौघांत पाणउतारा ठरलेला. या वेळी गाडी ठणठणीत कोरडी करून दाखवायची, असं त्याने मनाशी ठरवलं. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं, सांध्यातली गॅस्केटची पट्टी बदलली, वर सीलिंगची पेस्ट लावली. ती कागदाइतकी पातळ पसरायची, हे बापाने शंभरदा डोक्यात भरलेलं. त्याने बोटभर जाड लावली. एक थेंब नको म्हणून! अक्कल कुठे चरायला गेली होती, देव जाणे.

रविवारी ट्रे कोरडा होता. वडिलांनी वाकून पाहिलं आणि ते मुलाशेजारी बसले. पुलापर्यंत गाडी झकास पळाली. वडील डोळे मिटून इंजिन ऐकत होते. चढावर आवाज बदलला.

"बंद कर," डोळे न उघडताच ते म्हणाले.

तेलाच्या दाबाचा काटा शून्यावर होता. "काटाच बिघडलाय, बाबा," म्हणत मुलाने गाडी तशीच वर रेटली. माथ्यावर इंजिन खणाणलं आणि जाम झालं.

गाडी ओढून आणली, चेंबर उघडलं. चेंबर आवळताना आत पिळून आलेल्या जादा पेस्टचे तुकडे सुटून तेल वर ओढणाऱ्या पंपाच्या जाळीवर गच्च बसले होते. तेल भरपूर होतं, वर चढलंच नव्हतं. मुलगा मान खाली घालून शिव्यांची वाट पाहत राहिला.

"काय झालं हो?" दारातून आईने विचारलं.

वडिलांनी जाळीवरचे तुकडे नखाने काढून खिशात टाकले. "काही नाही. इंजिनाचं वय झालं होतं. पोराने काम चोख केलंय. बघ, एक थेंब नाही."

आयुष्यात एक चूक पोटात न घातलेला माणूस! मुलाला कळून चुकलं. सोमवारनंतर आपण परत येत नाही, असं म्हाताऱ्याने गृहीतच धरलं होतं.

"बाबा, शिव्या घाला ना मला," तो म्हणाला.

वडिलांनी कोरडा ट्रे उचलून भिंतीला टेकवून ठेवला.