गिरकीतली नजर

माझी नात भिंगरी साडेअकरा वर्षांची. तिचं खरं नाव आता घरातही कोणी घेत नाही. ती बॅले शिकते, आणि यंदा तिला वरच्या वर्गाची निवड-परीक्षा द्यायची होती. बारा पूर्ण झालेल्यांना तिथे घेत नाहीत, म्हणजे संधी ही एवढीच. अडत होतं ते सलग तीन गिरक्यांवर. दुसरीलाच तिला गरगरायचं.

मी आयुष्यभर ग्रंथपालाची नोकरी केली. त्यामुळे घरात काहीही अडलं की मी पुस्तक शोधतो. सापडलंही. गिरकी घेताना नजर एका ठिकाणी रोवायची. अंग वळत जातं, डोकं मात्र शक्य तितकं मागे ठेवायचं, आणि मान अगदीच ताणली की झटक्यात फिरवून अंगाच्या आधी डोळे पुन्हा त्याच ठिकाणी आणायचे. मग गरगरत नाही. सोबत चित्र होतं, फक्त डोक्याचं आणि मानेचं.

"बाबा, पुस्तक वाचून पोहायला उतरलेल्याचं काय होतं, माहीत आहे ना?" मुलगी म्हणाली.

"आई, तू गप गं," भिंगरी म्हणाली. "आबा, मी कुठे बघू?"

"माझ्याकडे बघ."

एरवी कोणी माझ्याकडे टक लावून पाहिलं की मी पुस्तकात तोंड खुपसतो. पण तिच्यासाठी तीन महिने रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी बुटक्या स्टुलावर बसून राहिलो. गुडघ्यांमुळे मला फार वेळ उभं राहवत नाही.

"आबा, डोळे मिचकावू नका!"

"अगं, माणूस आहे मी, खिळा नाही."

"मग खिळा व्हा."

झालो. दुसऱ्या महिन्यात तिची तिसरी गिरकी पुरी झाली. हळू, थोडी वाकडी, पण पुरी. त्या दिवशी मला जेवण सुचलं नाही.

एकदा ती म्हणाली, "बॅलेच्या बाई सारख्या ओरडतात, हनुवटी वर, हनुवटी वर."

"मग कर की वर."

"वर केली की तुम्ही दिसत नाही."

"बरं, आधी गिरकी पक्की होऊ दे. हनुवटीचं नंतर बघू."

हे मी कशाच्या आधारावर म्हणालो, देव जाणे. बाईंना विचारायला हवं होतं. पण वर्गाच्या दाराला एक लहानशी काच होती, तिथे सगळ्या आया घोळका करून उभ्या असत, आणि त्यांच्यातून वाट काढायचा धीर मला कधी झाला नाही. मी खाली जिन्याशी वाचत बसायचो. त्यामुळे आत बाकीच्या मुली कुठे बघतात, हे मी कधी पाहिलंच नाही.

परीक्षेच्या दिवशी वर मोजकेच लोक होते. काचेपाशी जागा मिळाली. भिंगरीच्या आधी दोन मुलींनी गिरक्या घेतल्या. दोघींची नजर समोरच्या भिंतीवर, सरळ, स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीला. मला आमचं बुटकं स्टूल आठवलं.

मग भिंगरी. पियानोची लय घरच्या सरावापेक्षा कितीतरी जलद होती. तिने नजर रोवली ती खाली, भिंतीच्या पायथ्याकडे, एखादा म्हातारा तिथे बसला असावा तशी. पहिली गिरकी झाली. दुसरीला खांदे पुढे कलले. तिसरी अर्ध्यात सुटली आणि तिचा हात जमिनीला टेकला.

बाई भिंगरीला घेऊन बाहेर आल्या. "खाली बघायची सवय लागली आहे. नजर खाली गेली की हनुवटी पडते, आणि मग सगळं अंगच कलतं. जाईल सवय, पण वर्ष लागेल."

तेवढं वर्ष तिच्याकडे नव्हतं. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

परतताना मी तिला सगळं सांगितलं. स्टुलाचं, उंचीचं.

"मग भिंतीवर एक कागद चिकटवायचा ना, आबा. माझ्या उंचीला."

"हो."

"तुम्ही बाईंना का नाही विचारलं?"

आयांच्या घोळक्यात शिरायची लाज वाटली, एवढंच खरं होतं, आणि तेवढ्यासाठी एका मुलीची संधी गेली, हे अकरा वर्षांच्या पोरीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

घराच्या दारात मुलगी उभीच होती. "काय झालं?"

"पडले," भिंगरी म्हणाली. "पाय घसरला."

"असा कसा घसरला?"

"घसरला गं. घसरतो कधी कधी."

ती माझ्याकडे न बघता आत गेली. मी वाकून बुटाची नाडी सोडत राहिलो. मुलीने विचारलं, "बाबा, जमीन गुळगुळीत होती का?"

"हो," मी म्हणालो. "फारच."