सणापुरता तह

"आवाज चढवायचा नाही हं. सांगायचं ते जवळ जाऊन, कानाशी सांगायचं."

आई हे मला इतक्यांदा सांगायची, की ती गेल्यावर मी तो नेमच धरला. सकाळी देवापुढे दिवा, जप झाल्याशिवाय तोंडात घास नाही, आणि दिवसभर कुणावर आवाज चढवायचा नाही. देवानं पदरात कामही तसंच टाकलं. ऑपेरात मी प्रॉम्प्टर आहे. रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीत एक खोका असतो. त्यात बसायचं, डोकं तेवढं फळीच्या वर ठेवायचं, आणि गाणाऱ्याला पुढच्या ओळीचे पहिले शब्द कुजबुजून द्यायचे. प्रेक्षकांच्या बाजूला आडोसा असतो, त्यांना मी दिसत नाही. मला गाणाऱ्यांचे बूट आधी दिसतात, तोंडं मागाहून.

यंदाचा ऑपेरा युद्धावरचा होता. सणाच्या दिवशी समोरासमोरच्या खंदकांतले सैनिक बंदुका खाली ठेवतात, एकत्र गातात, टोप्यांची अदलाबदल करतात. आणि दुसऱ्या सकाळी हुकूम आला की पुन्हा नेम धरून उभे. दोन मुख्य सैनिक म्हणून दिग्दर्शकांनी निवडले ते माझेच भाऊ. थोरला दादा शत्रूकडचा. धाकटा आपल्याकडचा, तो सहाफुटी, पण घरात सगळ्यांचा छोटू.

"सख्खे भाऊ! अभिनय करायलाच नको," दिग्दर्शक हरखून म्हणाले.

"भांडणाचा करायला नको," कपडेपटातल्या मावशी माझ्याजवळ पुटपुटल्या. "समेटाचा कसा करतात ते बघायचं."

मावशींना सगळं ठाऊक होतं. आई आजारी होती तेव्हा दादा परदेशात गात होता. आला तो आम्ही आईला स्मशानात पोहोचवून आल्यावर. छोटूनं त्याला दारातच अडवलं. "आता इथं तुझं काय राहिलंय?" दादानं पाठ फिरवली ती फिरवलीच, त्या घराची पायरी तो पुन्हा चढला नाही. बाबा आत बसले होते. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

तालमीत दोघं बोलायचे ते माझ्यामार्फत.

"चिमे, त्यांना सांग, हात मिळवताना बोटं मोडायची नसतात."

"ताई, त्यांना म्हणावं, सैनिकाचा हात आहे, फुलपाखरू नाही."

मी दोन्हीकडचं ऐकायची आणि थोडी साखर पेरून पोहोचवायची. जपाला बसले की मात्र एकच मागणं असे, देवा, या दोघांना एकदा तरी माझ्याशिवाय बोलू दे.

पहिला प्रयोग दुपारचा होता. सणाचा प्रवेश छान रंगला. मग हुकुमाची सकाळ झाली. इथं दादानं बंदूक उचलायची, नळी आभाळाकडे करायची आणि चाप ओढायचा. आत नुसती आवाजाची टिकली. त्या आवाजावर छोटूनं ताठ उभं राहून शेवटचं पद सुरू करायचं.

दादानं चाप ओढला. छोटू पडला.

उभाच्या उभा, धाडकन, माझ्या खोक्यापुढं. त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं, हातभर अंतरावर. डोळे उघडे. आणि मी काय केलं? मी त्याला शब्द दिले. "उजाडलं रे गड्या..." तो गाईना. मी पुन्हा दिले. मला वाटलं, दिग्दर्शकांनी आयत्या वेळी पडायला सांगितलं असेल आणि हा गडबडीत ओळ विसरला. रंगाखालून ओठ निळे पडताना दिसत होते, आणि माझं आपलं चालूच होतं, "उजाडलं रे गड्या, उजाडलं..."

वर टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, काय मेला, वा! वाद्यवृंदाचे संचालक, आम्ही त्यांना छडीवाले म्हणतो, ते छडी हलवतच होते.

दादाचे बूट धावत आले. तो गुडघ्यांवर आदळला.

"चिमे, मी वर धरली होती. वरच धरली होती ना गं?"

तेव्हा मी ओरडले. "थांबवा! पडदा पाडा!" तो माझाच आवाज होता हे मला नंतर मावशींनी सांगितलं. छडी हवेत राहिली. एकटी बासरी दोन सूर पुढं गेली आणि गप्प झाली.

प्रेक्षकांतून एक डॉक्टरबाई वर चढल्या. छोटूच्या अंगातला डगला फाडून त्यांनी छाती दाबायला सुरुवात केली. "गोळी नाही हो, हृदय आहे," त्या दाबता दाबता दादाला सांगत होत्या. दादाला ते ऐकूच जात नव्हतं. तो बंदूक उलटी करकरून नळीत बघत होता. मी फळीला धरून खोक्यातच उभी. बाहेर यायचं असतं हे सुचलंच नाही. कुणीतरी दंडाला धरून मला वर ओढलं.

इस्पितळात छोटू शुद्धीवर आला. हृदयाकडची रक्तवाहिनी बंद झाली होती. लगेच शस्त्रक्रिया करायची होती. चाकांच्या खाटेवर तो, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शत्रूच्या डगल्यात दादा.

"मला वाटलं, मी तुला..." दादा खाटेवर वाकून म्हणाला.

"टिकली होती रे," छोटू म्हणाला. मी शेजारी असूनही तो माझ्याकडे बघत नव्हता. "दादा, बाबा खिडकीशी बसले असतील. मी आल्याशिवाय ते कुणाला दिवा लावू देत नाहीत. फोन नको, घाबरतील. तू जा."

दादानं खाटेची कड घट्ट धरली.

"जातो," तो म्हणाला. "तू येईस्तोवर तिथंच राहतो."

"आणि नाही आलो तर?"

"तरी राहतो."

खाट आत गेली, दार लागलं. आम्ही दोघं दाराकडे बघत राहिलो. काय झालं ते अजून माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. ओठ मात्र आपोआप नाम घेत होते. दादानं डगला काढायला घेतला. वरचं बटण निघेना. शेवटी मी ते तोडलंच.

"मी येऊ बरोबर?"

"तू इथंच थांब. काही कळलं की तिकडं कळव."

त्यानं डगला माझ्या हातात दिला. कठडा धरून, सैनिकाचे ते जड बूट वाजू न देता, एकेक पायरी तो उतरत गेला.