थेंबातला नाच

"पाहा, पाहा! नाचतायत की नाही?" पेशीगुरूंनी सूक्ष्मदर्शकाचं चाक फिरवलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर शेकडो गोल ठिपके थरथरू लागले. दालनातल्या साठेक माणसांच्या तोंडून 'अहाहा' निघालं. कुणी हात जोडले. "मूळपेशी! स्टेम सेल! यकृत म्हणा, यकृत होतील. मेंदू म्हणा, मेंदू होतील. फक्त श्रद्धेने सांगा!"

पेशींना हुकूम कळतात, हे शेवटच्या रांगेतल्या आत्याला नवीनच होतं. बावीस वर्षं ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या तपासत होती. शेजारी चाकाच्या खुर्चीत तिची नऊ वर्षांची भाची बसली होती. एका जनुकात जन्मापासूनची चूक, म्हणजे उत्परिवर्तन. त्यामुळे पोरीचे स्नायू झिजत चालले होते. पडद्यावर दिसणारं हेच गुरूंच्या बाटलीतलं पाणी दहा मिनिटांनी तिच्या मणक्यात टोचायचं होतं. तिच्या बापाने, म्हणजे आत्याच्या भावाने, संमतीपत्रावर सहीही ठोकली होती.

"ताई, आता मोडता घालू नकोस," भाऊ दबक्या आवाजात म्हणाला. "तिच्याच रक्तातून काढल्यात या पेशी. जिवंत आहेत, दिसतंय ना तुला?"

आत्याला दिसत होतं, म्हणूनच तिला पटत नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी असेच ठिपके पाहून तिने 'जिवंत जंतू' असा अहवाल लिहिला होता आणि वरिष्ठ बाईंनी तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. पोहणारा जंतू कुठेतरी जातो. हे मात्र जागच्या जागी थरथरत होते.

परिचारिका खुर्ची ढकलू लागली. आत्या तडक उठली. चहाच्या टेबलावरचं दूध तिने पाण्यात पातळ केलं, एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि पेशीगुरू "अहो बाई, अहो बाई" म्हणेपर्यंत पट्टी भिंगाखाली सरकवलीही.

पडद्यावर पुन्हा शेकडो गोल ठिपके नाचू लागले. "अहाहा!" पुढची रांग म्हणाली.

"हे चहाचं दूध आहे," आत्या म्हणाली. "सकाळी खळखळून उकळलेलं. त्यातले हे स्निग्धांशाचे कण. पाण्याचे रेणू त्यांना सारखे धक्के देतात, म्हणून ते हलतात. हललं म्हणजे जिवंत असतंच असं नाही."

"दुधातही दैवी पेशी असतात!" पेशीगुरूंनी सावरून घेतलं.

"मग पोरीच्या मणक्यात दूध टोचाल?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. आत्या भावाकडे वळली.

"आणि खरंच मूळपेशी असल्या, तरी सगळ्या सारख्या नसतात. अगदी सुरुवातीच्या गर्भातल्या जवळपास काहीही होऊ शकतात. अस्थिमज्जेतल्या रक्त बनवतात. साध्या पेशीला मागच्या अवस्थेत नेऊन मूळपेशी करता येते, पण त्याला जाणती माणसं आणि कित्येक आठवडे लागतात. शिवाय हिच्याच पेशी असतील, तर त्यांतही तीच चूक असणार. तू शिंपी आहेस ना? कागदी नमुनाच चुकला असेल, तर त्यावरून शंभर झगे कापून एक तरी नीट बसेल का?"

भावाने परिचारिकेच्या हातून खुर्ची हिसकावून घेतली.

"बाटलीत नक्की काय आहे हो? तपासलंय कुणी?" मागून एका म्हाताऱ्याने विचारलं. पेशीगुरूंनी घाईघाईने पडदा बंद केला.

भाचीने मान वर केली. "आत्या, म्हणजे मी चालणार नाही?"

आत्याला रडू फुटलं आणि तिने ते लपवलं नाही. "मला माहीत नाही, बाळा. डॉक्टर शोधतायत. पण 'माहीत नाही' म्हणायला जो घाबरतो, त्याच्या सुईपुढे आपली पाठ करायची नाही."