शुभेच्छुकांच्या रांगेत

दिपा राठोडवरून माझ्या पोटात दुखतं, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणी येऊन ते तुम्हाला सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

औंढ्यात बस स्टँडकडून नागनाथाच्या देवळाकडं निघालं की डाव्या हाताला माझं दुकान लागतं, अनिरुद्ध आर्ट्स. वडील देवळात यात्रेकरूंचे अभिषेक सांगायचे. मला मंत्रांपेक्षा रंगाच्या डब्यांची ओढ जास्त. आधी पाट्या रंगवल्या, मग कॉम्प्युटर आणला, मग फ्लेक्सचं मशीन. अशी एकोणीस वर्षं गेली. वाढदिवसाचा फ्लेक्स म्हटलं की तालुक्यात माझंच नाव निघायचं, आणि ते उगाच निघत नव्हतं. वर गोलात कोण, मधे पूर्ण उंचीचा कोण आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत अंगठ्याएवढे कोण, हे ज्याला ठरवता येतं त्यालाच फ्लेक्स करता येतो. एकदा एका सरपंचाचा फोटो उपसरपंचापेक्षा बोटभर खाली गेला, तर दोन महिने मला त्या गावात पाय ठेवता आला नाही. त्यानंतर माझी चूक झाली नाही. कुणाचं कुणाशी पटतं, कोण कुणाच्या शेजारी नको, हे सगळं माझ्या डोक्यात असतं.

दिपाला यातलं काही कळत नाही. किंवा कळतं आणि तिला त्याचं काही वाटत नाही. हे दुसरं मला जास्त झोंबतं.

ती चार वर्षांपूर्वी आली. डोंगराकडच्या तांड्यावरची पोरगी, नांदेडला डिझाइनचा कोर्स केलेला, रोज स्कूटीवर ये-जा. पहिलं वर्षभर मी सांगेन ते मुकाट्यानं करायची आणि मी मोठ्या मनानं तिला शिकवायचो. मग दगडोबाच्या हॉटेलचं प्रकरण झालं.

दगडोबानं रस्त्याकडेला जेवणाचं हॉटेल काढलं. मी त्याला झकास बोर्ड करून दिला. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला त्याचे वडील, वर नागनाथ, खाली दोघं मेहुणे. बोर्ड लावायला दिपाला पाठवलं, तर ही बाई दगडोबाला हाताला धरून रस्त्याच्या पलीकडं घेऊन गेली आणि म्हणाली, "मामा, हितून बघा. तुमी भुकेले हाव. काय दिसून राहिलं?"

दगडोबा म्हणाला, "माझं तोंड."

"तोंड बघून कोण जेवाया येतं?"

दोन दिवसांनी तिनं नुसत्या अक्षरांचा बोर्ड केला. पांढऱ्यावर काळं, दोनच शब्द, गरम भाकरी. कोपऱ्यात बारीक अक्षरात दगडोबाचं नाव. मी म्हटलं, हा काय बोर्ड झाला का. महिन्याभरात हॉटेलासमोर ट्रक उभे राहायला लागले. तेव्हापासून माझ्या दुकानाच्या पायरीवर चढणारा माणूस मला विचारतो, "दिपाताई हायत का?" ती जेवायला गेली असेल तर बाहेर सावलीत थांबतो, पण मला काम सांगत नाही. मी आत रिकामा बसलेलो असतो.

मी काय काय केलं तेही सांगतो. तिची खुर्ची मोडकी होती, ती बदलली नाही. पंख्याचं तोंड माझ्याकडं वळवून घेतलं. तिनं केलेल्या प्रत्येक डिझाइनमध्ये मी काहीतरी हलवायचो. रेघ जाड करायचो, रंग बदलायचो. गिऱ्हाईक नेमकं म्हणायचं की आधीचंच चांगलं होतं. ते म्हणत असताना ती स्क्रीनकडं बघायची, माझ्याकडं नाही. त्यामुळं माझा आणखी तिळपापड व्हायचा.

तिच्या स्क्रीनशेजारी एक उरलेली लग्नपत्रिका पालथी चिकटवलेली होती. त्यावर तिनं लिहिलं होतं: "चेहरा नाही, माल दिसला पाहिजे. दुकान कशाचं आहे ते रस्त्यापलीकडून कळलं पाहिजे. ज्याला आपल्या वस्तूबद्दल सांगायचं आहे त्याचंच काम करायचं." सहा महिने ती पत्रिका तिथं होती. मी येता-जाता तिच्याकडं बघून नाक मुरडायचो.

दिवाळीच्या आधी सोजराबाई दुकानात आल्या. डोंगरकड्याला त्यांचा बायकांचा हळदीचा गट आहे, पंधरा गावांतल्या बायका त्यात. साधी लेबलं आमच्याकडूनच जायची, दिपाच नेऊन द्यायची. आता त्यांना पाकिटं, खोकी, दुकानांचे बोर्ड, सगळं एका हातून करून घ्यायचं होतं, तीन वर्षांसाठी. माझ्या दुकानानं एवढं काम कधी पाहिलं नव्हतं. हे मिळालं असतं तर दुकान उभं राहिलं असतं. नाहीतर दिपा फार दिवस थांबणार नव्हती, आणि ती गेली तर मागं मी आणि सरपंचांचे फोटो उरलो असतो. हे मला कळत होतं.

सोजराबाई म्हणाल्या, "दोन-तीन जणांना बोलावून राहिलो आमी. बेस्तरवारी या. आन् एक सांगा येऊन. पाच वर्सांनी तुमचं दुकान काय करत असंल? आमचं पोतं कुणाच्या खांद्यावर देऊन राहिलो, ते कळाया पाहिजे ना."

तीन रात्री मी कागद खराब केले. मराठवाड्यातील अग्रगण्य. दर्जा हीच ओळख. सर्व प्रकारची कामे तत्पर. माझी बायको प्रेमा ते वाचून म्हणाली, "अहो, हे तर तुमच्या बिलबुकावर हाय. पाच वर्सांनी काय करणार, ते कुठं हाय ह्याच्यात?"

दुसऱ्या दिवशी ती डबा द्यायला दुकानात आली आणि दिपाच्या जागेपाशी थांबली. पालथी पत्रिका तिनं दोनदा वाचली. "हे बघा. हे बराबर हाय. कुणी लिहिलं?"

कुणी लिहिलं ते मी सांगितलं नाही. माझ्या घरातलं माणूस, माझ्याच दुकानात उभं राहून तिचं कौतुक करत होतं. माझ्या अंगाचा भडका उडाला. आणि त्याच भडक्यात मी त्या तीन ओळी पाठ करून टाकल्या.

बुधवारी संध्याकाळी मी दिपाला म्हणालो, "उद्या हिंगोलीला जा. हळदीच्या रंगाचा जाड हातकागद आण, नमुने करायचेत."

"सर, उद्या डोंगरकड्याला जायाचं होतं ना?"

"तिथलं मी बघतो."

ती बरं म्हणाली. तसला कागद हिंगोलीत कुठंच मिळत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

रात्री मी सभेसाठी एक फ्लेक्स काढला. रिकाम्या हातानं कसं जायचं. वर नागनाथ, मधे मी, चार फुटी, हात जोडलेला. खाली दुकानातली माणसं, मशीनवरची पोरं धरून, ओळीनं, अंगठ्याएवढी. दिपा डावीकडून तिसरी. हात आपोआप चालत होता. एकोणीस वर्षांत त्याला दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

गुरुवारी गाडीला गुंडाळी बांधून निघालो. वारंगा फाट्यावर चहा घेताना तिचं वाक्य पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. माझ्या तोंडी ते चांगलं वाटत होतं.

डोंगरकड्याला हळदीच्या शेडमध्ये चाळीसेक बायका सतरंजीवर बसल्या होत्या. मी मागच्या भिंतीला फ्लेक्स बांधला आणि समोर उभा राहिलो. पुढच्या रांगेतल्या पारुबाई म्हाताऱ्या, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी फ्लेक्सकडं बराच वेळ बघितलं आणि शेजारणीला विचारलं, "वाढदिवस कुणाचा हाय?"

बायका हसल्या. मीही हसलो आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. "चेहरा नाही, माल दिसला पाहिजे." हे म्हणताना माझा चार फुटी चेहरा माझ्या डोक्यामागं हात जोडून उभा होता. मला ते कळलं, पण वाक्य तोंडातून निघून गेलं होतं. थांबता येईना. रस्त्यापलीकडून कळलं पाहिजे, हेही सांगितलं. ज्याला आपल्या वस्तूबद्दल सांगायचं आहे त्याचंच काम करायचं, हेही सांगितलं.

सोजराबाई मान हलवत ऐकत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "हे ठाऊक हाय आमाला. लेबलं घेऊन आली तवा दिपानं सांगितलं व्हतं. म्हणली, आमच्या सरांचा इचार हाय ह्यो. म्हणून तर तुमाला बोलावलं. बाकीच्यांनी नुसतं अग्रगण्य, अग्रगण्य लावलं."

माझं काम झालं होतं. मी गप्प बसलो असतो तर तीन वर्षांचं काम घेऊन घरी गेलो असतो, आणि विचार कायमचा माझ्या नावावर राहिला असता. जे मी चोरून आणलं ते तिनं मला आधीच देऊन टाकलं होतं.

आणि तेच मला सहन झालं नाही. मला एकदम सज्जनपणा सुचला, असं समजू नका. तिनं मला दिलेलं मी घ्यावं? तांड्यावरून आलेल्या, मी माउस धरायला शिकवलेल्या पोरीनं आपला विचार माझ्या पदरात टाकावा, आणि मी तो खाली मान घालून न्यावा? जळफळाटानंच माझं तोंड उघडलं.

"हा विचार माझा नाही," मी म्हणालो. "तिचा आहे. शब्दन् शब्द तिचा."

शेडमध्ये कुजबूज झाली. सोजराबाईंनी हात वर केला तशी ती थांबली. "मग तिला काहून न्हाई आणलं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. आजारी आहे म्हणालो असतो. पण चाळीस बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या, दोन्ही तोंडांकडं.

"मी तिला मुद्दाम दुसरीकडं पाठवलं. ती आली असती तर तुम्ही तिच्याकडंच बघितलं असतं. मला ते बघवत नाही."

कुणी हसलं नाही. सोजराबाई म्हणाल्या, "फोन लावा तिला. सगळ्यांना ऐकू येईल असा."

दिपानं दुसऱ्या घंटीला उचलला. मागं रहदारीचा आवाज होता. "सर, कागद न्हाई मिळून राहिला. चार दुकानं झाली. अजून एक बघते."

"बघू नको. तो तिथं मिळत नाही. मला माहीत होतं."

मग सोजराबाईंनी फोन आपल्याकडं घेतला आणि विचारलं, "दिपा, सोजराबाई बोलून राहिले. ह्यो इचार तुजा हाय, तर सरांचा काहून सांगितलास?"

"माझा म्हणून सांगितला असता तर कोण ऐकणार होतं, मावशी? सव्वीस वर्साची पोरगी काय सांगून राहिली, असंच म्हणले असते लोक. सरांच्या नावानं सांगितलं की ऐकतेत. मला इचार पुढं न्यायाचा व्हता."

दिलदारपणा वगैरे काही नव्हता. मी तिच्यासाठी नुसता एक शिक्का होतो, चालणारा. मला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं.

"आमी ऐकलं असतं," सोजराबाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "पेंटर, आता सरळ इचारते. दुकान तुमचं हाय, ते माहीत हाय. पाच वर्सांनी त्या दुकानात शब्द कुणाचा चालंल?"

माझा म्हणालो तर काम जाणार, आणि तीही जाणार. तिचा म्हणालो तर एकोणीस वर्षं जो माणूस पाव इंचाचा निवाडा करत आला, त्याला स्वतःची जागा स्वतःच ठरवावी लागणार. फोन सोजराबाईंच्या हातात होता. पलीकडं दिपा ऐकत होती.

"काय करायचं आणि काय नाही करायचं, ते दिपा ठरवेल," मी म्हणालो. "मी ते करवून घेईन."

मला वाटलं ती नको-नको म्हणेल. निदान एकदा तरी सर म्हणून घुटमळेल. मी त्याची वाटच बघत होतो.

"मग सर," दिपा फोनवरून म्हणाली, "दिवाळीपासून वाढदिवसाचे फ्लेक्स बंद. एकपण न्हाई घ्यायाचा. सगळ्यांसमोर व्हय म्हणा."

चाळीस बायका माझ्याकडं बघत होत्या. मला दुसरं काहीच येत नव्हतं, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"बंद," मी म्हणालो. माझ्या आवाजात जळजळ होती, आणि ती पलीकडं हिंगोलीच्या रस्त्यावरही ऐकू गेली असणार.