देव्हाऱ्यातला पोचका लोटा

गोंडपिपरीकडच्या जंगलात बापूजींचे गाव. त्यांच्या घरी दसऱ्याला शस्त्र म्हणून पोचे पडलेला, पोचका पितळी लोटा पुजला जाई. बापूजींचे आजोबा दादाजी यांनी म्हणे तो तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, वाघाच्या टाळक्यात हाणला होता. १९५४च्या दसऱ्याआधी बापूजींना घराण्याचा इतिहास लिहवून घ्यायची हौस आली. शाळेचे गुणवंतराव गुरुजी दौत-टाक घेऊन ओसरीवर बसले. दादाजींची लेक, म्हणजे बापूजींची म्हातारी आत्या देवकाबाई, सांगू लागली.

आत बापूजींची पोटुशी सून कुंता सकाळपासून पोट दाबून बसली होती. तिचे पोट बिघडले होते, पण दिवा लागल्याशिवाय या घरची बाई लोटा घेऊन उंबरठा ओलांडत नसे. पुरुष मात्र भर दुपारी चारचौघांना रामराम करत जात. अब्रू काय ती बाईलाच असते. आणि बायका जिथे जात त्या पाळीवरून कालच वाघाने गोऱ्हा उचलला होता.

"दादाजीनं वाघाले कसं हाणलं, बाई?" गुरुजींनी विचारले.

"हाणते कायचा? बिनधोतराचा पळत आला घरी. धोतर रायलं बोरीच्या काट्याले."

गुरुजींना हसू आवरेना. बापूजीही ओशाळून हसले. "मंग लोटा काऊन पोचला, आत्याबाई?"

"गोट्यावर पडला. माह्या मायच्या हातातून." म्हातारीचे हसू मावळले. "लोटा तिचाच होता. बाप राखन म्हनून संग गेला होता. तो पळाला. थे पोटुशी होती, तिले पळता नाई आलं."

"बुधरी आजी तर तापानं मेली ना?" बापूजींनी विचारले.

"तसं सांगा लागते, बापू."

टाक थांबला. तेवढ्यात तलावाकडून वानरांचे खेकसणे ऐकू आले. वानरे अशी कशाला पाहून ओरडतात, हे ओसरीवर सगळ्यांना ठाऊक होते.

आत कुंता उठली. तिने देव्हाऱ्यातला लोटा उचलला, त्यावरचे कुंकू पुसले आणि पाणी भरून ती ओसरीवर आली.

"दिवस हाय अजून, पोरी," बापूजी म्हणाले.

"म्हनूनच जाऊन राह्यली, मामाजी. उजेडात वाघ दिसते तरी."

देवकाबाई काठी टेकत तिच्यामागे निघाली. पारावरच्या माना वळल्या. बापूजी क्षणभर उंबरठ्यावर अडखळले, मग कुऱ्हाड घेऊन त्या दोघींच्या पुढे झाले. जाता जाता म्हणाले, "गुरुजी, आजीचं नाव लिवा. कशानं मेली थे बी लिवा."

त्या दसऱ्याला देव्हारा रिकामा राहिला. लोटा परसात होता, कुंतासाठी खणलेल्या शौचाच्या नव्या खड्ड्याभोवती उभारलेल्या बांबूच्या तट्ट्याच्या आडोशाला. वाचकहो, तुमच्या घरात आज दिवा लागायची वाट कोण पाहत बसले आहे?