परसातलं यंत्र आणि आईची कुऱ्हाड

आमचा धाकटा भाऊ ज्वालामुखीवर नजर ठेवणाऱ्या खात्यात आहे. त्याच डोंगराच्या पायथ्याशी आई एकटी राहते, आणि शांत जागा हवी म्हणून याने भूकंपमापक नेमका तिच्या परसात पुरला. आई आणि शांत! ती रोज सकाळी तिथेच लाकडं फोडते. दोन घाव, दम, पुन्हा दोन घाव. इकडे याच्या पडद्यावर सगळं उमटतं. मग हा फोनवर ओरडतो, "आई, जरा डोंगराचं ऐकू दे गं." ती म्हणते, "डोंगर पाणी तापवून देणार आहे का मला?"

तो मोठा भूकंप झाला तेव्हा मी शहरात शिलाई मशीनवर बसले होते. आईचा फोन लागेना, रस्ता दरडीने बंद. मी तडक धाकट्याचं ऑफिस गाठलं. कपाट आडवं, फरशीभर काचा, आणि हा पडद्यासमोर. परसातलं यंत्र बॅटरीवर चालत होतं, रेडिओवरून नोंदी धाडत होतं; तेवढंच काय ते सुरू होतं.

"असं होतं तरी का रे?" मी विचारलं. मला उत्तर नको होतं, त्याचा आवाज हवा होता.

"जमिनीचे दोन प्रचंड तुकडे एकमेकांना रेटत असतात, ताई. मध्येच अडकतात. वर्षानुवर्षं ताण साठतो. सहन होईना झाला की सटकतात."

"तुझ्या-माझ्यासारखे."

तो हसला नाही.

"आणि आता डोंगर फुटला तर?"

"आतून आधीच भरत आला असेल, तर अशा धक्क्याने चाळवू शकतो. एरवी सहसा नाही. आपला भरत आलेला दिसत नव्हता." मग हळूच म्हणाला, "डोंगराची भीती नाही गं. घराचं छप्पर..."

पडद्यावर मागाहूनचे धक्के येतच होते, वेडेवाकडे. अचानक त्याने माझं मनगट धरलं. बारीक, नीटनेटक्या रेषा. दोन. थांबून पुन्हा दोन.

"आई," तो म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहानपणी रडायचा तसा रडला. मीही रडले.

त्या रेषा संध्याकाळपर्यंत येत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाला. स्वयंपाकघराची भिंत पडली होती. आई बाहेर ओंडक्यावर बसलेली, तळहातांना फोड आलेले.

"एवढी लाकडं कशाला फोडत बसलीस?" हा नेहमीसारखा ओरडला, पण तिचे हात हातात घेऊन.

"लाकडं कधीच संपली रे. मग नुसत्या ओंडक्यावरच हाणत राहिले. तू ऐकत असशील, माहीत होतं मला."